कोणती वाटी?

खारघरात माणसाची ओळख आकड्यानं होते. नाव नंतर, आडनाव त्याच्याही नंतर, आधी सेक्टर. सिडकोनं हे गाव आखलं तेव्हा आळ्या, वाड्या, पेठा यांच्या भानगडीत न पडता सरळ नंबर टाकले. बेलपाडा, मुर्बी, ओवे, कोपरा ही मूळची गावं आपापल्या नावांनिशी मधे मधे टिकून आहेत, पण आम्ही बाहेरून आलेली मंडळी सगळी नंबरी. मी 2006 साली डोंबिवलीहून इथं आलो आणि तेव्हापासून 'बारा'चा आहे.

त्यामुळे डिसेंबरातल्या एका सकाळी सेंट्रल पार्कमध्ये चालताना पांढऱ्या बुटांतल्या एका अनोळखी गृहस्थांनी मला "तुमचं किती?" असं विचारलं, तेव्हा मी सवयीनं म्हणालो, "बारा."

ते थांबले. त्यांनी माझा दंड धरला.

"बारा? आणि तुम्ही एकटे फिरताय? घरी माहीत आहे का?"

त्यांनी सेक्टर विचारला नव्हता, शुगरचं एचबीएवनसी विचारलं होतं. त्यांचं स्वतःचं सात पॉइंट चार होतं आणि ते सेक्टर वीसला राहत होते, ही माहिती मला पुढच्या अर्ध्या फेरीत मिळाली, आणि याच क्रमानं मिळाली. माझं खरं म्हणजे आठ पॉइंट एक होतं. पण बारा सांगितल्यावर आठ पॉइंट एक ऐकून त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी मला जवळजवळ निरोगीच ठरवलं. पस्तीस वर्षं बँकेत आकड्यांशी संसार केला, पण आकडा ऐकून कुणी एवढं खूश झालेलं मी प्रथमच पाहिलं.

आपल्याकडे ताप येतो, सर्दी होते, दाढ दुखते. शुगर मात्र 'निघते'. विहिरीला पाणी निघावं तशी. ती आत होतीच, फक्त कुणी खणायचा अवकाश होता. आणि हे अगदी शास्त्राला धरून आहे. मधुमेह वर्षानुवर्षं आवाज न करता अंगात भाडेकरूसारखा राहतो. तो लक्षात येतो तोवर जागेवर त्याचा हक्क तयार झालेला असतो.

माझी शुगर निघाली 14 नोव्हेंबरला. हा पंडित नेहरूंचा वाढदिवस म्हणून बालदिन, आणि 1921 साली टोरांटोत चार्ल्स बेस्टच्या साथीनं इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचाही वाढदिवस, म्हणून जागतिक मधुमेह दिन. आमच्या सोसायटीच्या कमिटीनं एकाच सतरंजीच्या भाड्यात दोन्ही उरकले. क्लबहाऊसच्या एका टोकाला नातवंडांना चॉकलेटं, दुसऱ्या टोकाला आजोबांच्या बोटाला सुई. मी सुईच्या रांगेत उभा राहिलो तो केवळ फुकट होतं म्हणून. नातू अर्धं चॉकलेट खाऊन कंटाळला आणि उरलेलं त्यानं माझ्या हातात दिलं. अन्न वाया घालवायचं नाही हे आमच्या घरचे संस्कार. पुढच्याच मिनिटाला माझा नंबर आला. मशीननं 243 दाखवले.

"चॉकलेटमुळे असेल," मी म्हणालो.

"काका, चॉकलेट अजून तुमच्या दातांत आहे," तपासणारी मुलगी म्हणाली.

मग रीतसर तपासण्या झाल्या. उपाशीपोटी 148, जेवणानंतर दोन तासांनी 231, एचबीएवनसी 8.1. साडेसहा आणि त्यापुढे मधुमेह. 5.7 ते 6.4 हा सीमाभाग. तिथं उभं राहून माणूस वर्षानुवर्षं "मी बॉर्डरला आहे" असं अभिमानानं सांगतो, जणू लष्करात आहे. मी बॉर्डर कधी ओलांडली ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

"पण डॉक्टर, मी तर बारीक आहे," मी म्हणालो. माझी अंगकाठी म्हणजे काठीच आहे. फक्त मधोमध एक छोटं मडकं आहे.

डॉक्टरांनी त्या मडक्याकडे पाहिलं आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. 2004 साली याज्ञिकांनी जॉन युडकिन या आपल्या इंग्रज सहकाऱ्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघंही दिसायला सारखेच सडपातळ, दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मोजली तर साहेबाची 9.1 टक्के आणि आपल्या माणसाची 21.2. म्हणजे वजनकाट्यावर दोघं जुळे आणि आतून एकजण दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त तुपाळ. ही चरबी पोटात, आतड्यांभोवती, यकृतापाशी गपचूप साठते आणि इन्सुलिनला आपलं काम धड करू देत नाही. "आपण भारतीय बाहेरून बारीक आणि आतून जाडे असतो," डॉक्टर म्हणाले. मी घरी जाऊन बायकोला ताठ मानेनं सांगितलं, की माझा आजार साधासुधा नाही, लॅन्सेटमधला आहे. तिनं माझ्या हातातला फरसाणाचा डबा काढून घेतला.

म्हापशाच्या बहिणीलाही फोन केला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या मधुमेहींचा अंदाज 10.1 कोटी निघाला होता आणि राज्यांत गोवा 26.4 टक्क्यांनी पहिला आला होता. धीराचे दोन शब्द मिळतील अशी माझी अपेक्षा. ती म्हणाली, "बरं झालं, आता आपल्याला बोलायला विषय मिळाला."

डॉक्टरांनी गोळी दिली, रोज चालायला सांगितलं, साखर-मैदा बंद केला आणि कागदावर एक ओळ लिहिली: भात, एक वाटी.

मी आयुष्यभर कर्जाचे करारनामे वाचले आहेत. इतकं ढिलं कलम मी कुठल्याही करारनाम्यात पाहिलेलं नाही. घरी आल्याबरोबर मी विचारलं, "कोणती वाटी?"

कारण मराठी घरात वाटी ही एक वस्तू नसते, ती एक जात असते. आमच्या मांडणीवर एक मोठी खोलगट स्टीलची वाटी आहे. लग्नात आहेर आलेली, बुडाशी टिंबाटिंबांनी आमची दोघांची नावं आणि तारीख कोरलेली. तिच्यात आमटी वाढली तर माणूस बुडेल. मग भाजीच्या पसरट वाट्या, मूळच्या सहा, सध्या पाच. सहावी शेजारी शिरा घालून गेली ती तिकडेच रमली. मग नातवाच्या बारशात आलेली चांदीची. आणि देवघरात नैवेद्याची पितळी वाटी, चिंचेनं घासून लखलखीत केलेली, अंगठा बुडवला तर भरून जाईल एवढी.

करारातलं कलम संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ ज्यानं करार लिहिला नाही त्याच्या बाजूनं लावावा, असं बँकेत शिकलो होतो. कलम डॉक्टरांनी लिहिलं होतं. मी आहेरातली वाटी उचलली. शिवाय वाटी सपाट भरायची की शीग लावायची, याबद्दलही कागदावर मौन होतं. मी शीग लावली. भात हलकासा दाबला. वर वरण घातलं; वरण द्रव असल्यानं ते वाटीत धरायचं कारण नव्हतं. बायको बघत होती. काही बोलली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळायला हवं होतं, की ती बोलत नाही तेव्हा ती मोजत असते.

खबर इमारतीत पसरायला लिफ्टच्या दोन फेऱ्या लागल्या. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेले मेथीदाणे, भेंडीचं पाणी, दालचिनी आणि विजयसारच्या लाकडाचा पेला एवढं जमा झालं. पेल्यात रात्री पाणी ठेवायचं, सकाळी ते तांबूस होतं, ते प्यायचं. सगळं एकदम घेतलं तर सकाळी नाश्त्याला पोटात जागाच उरत नाही, हा त्यातला सिद्ध झालेला गुण.

पण खरी गंमत पुढे आहे. जांभळाची पूड आणणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या दुसऱ्या हातात वाटी होती आणि तिच्यात गाजर हलवा होता.

"साखर अजिबात नाही घातली हं," त्या म्हणाल्या, "सेंद्रिय गूळ आहे."

मधुमेही माणसाच्या आयुष्यात गुळाला जे स्थान आहे ते फक्त लाच घेणाऱ्याच्या आयुष्यात 'चहापाणी' या शब्दाला आहे. नाव बदललं की पाप धुतलं जातं. गुळात लोह असेल, ऊन असेल, मातीचा वास असेल. पण त्याचा फार मोठा भाग साखरच असते आणि रक्ताला तिचा रंग दिसत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मी हलवा खाल्ला. वहिनींनी जाताना बजावलं, "पथ्य सांभाळा बरं का."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपल्याकडे सल्ला देणारा हात आणि पेढा देणारा हात एकाच खांद्याला असतात. दारूचं दुकान नको म्हणून खारघरकरांनी आंदोलनं केली आहेत. मिठाईच्या दुकानावर मोर्चा निघाल्याचं कुणी ऐकलेलं नाही; निघाला तर तो यशस्वी झाल्यावर पेढे कुठून आणायचे हा प्रश्न पडेल. आणि जवळच सिडकोनंच बांधलेल्या एका वसाहतीचं नाव 'स्पॅगेटी' आहे. शेवयांच्या नावाच्या पत्त्यावर राहून लोक पथ्य कसं पाळत असतील, देव जाणे.

जानेवारीत संक्रांत आली. मी कारकुनी स्वभावाप्रमाणे एक वही घातली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मी सोळा घरी गेलो. सोळाही घरांत मी सांगितलं, "मला शुगर आहे." सोळाही घरांत उत्तर आलं, "एकानं काय होतंय?" आणि खरंच, कुठल्याही घरात मी एकापेक्षा जास्त लाडू खाल्ला नाही. प्रत्येक घराच्या खात्यावर एक लाडू नावे, माझ्या खात्यावर सोळा जमा. बँकेत याला कन्सॉर्टियम म्हणतात: कर्ज सगळ्यांनी मिळून थोडं थोडं द्यायचं आणि बुडायचं एकट्यानं.

फेब्रुवारीत पुन्हा तपासणी होती. मला काळजी नव्हती, कारण मला 31 मार्चचा अनुभव होता. वर्षभर शाखा कशीही चालो, 31 मार्चला ताळेबंद सुंदर दिसला पाहिजे. दोन दिवसांसाठी ठेवी आणायच्या, तारीख उलटली की सोडून द्यायच्या. मी तपासणीआधी तीन दिवस काकडी, ताक आणि पश्चात्ताप यांवर काढले. उपाशीपोटीची साखर 112 आली. मी डॉक्टरांकडे हसत गेलो.

"एचबीएवनसी 8.3," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. बोटातून काढलेल्या रक्तातली साखर म्हणजे त्या क्षणाची गल्ल्यातली रोकड. एचबीएवनसी म्हणजे ऑडिटर. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते साधारण 120 दिवस. त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सगळी व्हाउचरं उघडून बसतो; तीन दिवसांच्या काकडीनं त्याला गुंडाळता येत नाही. सोळाच्या सोळा लाडू तिथं नोंदले गेले होते. माझ्या वहीशी आकडा तंतोतंत जुळत होता.

"डॉक्टर," मी म्हणालो, "दीक्षित बरोबर की दिवेकर?"

हा प्रश्न मी वैयक्तिक विचारत नव्हतो. आमच्या इमारतीच्या वतीनं विचारत होतो. मराठी माणसाला एका रोगावर दोन पंथ मिळाले, की त्याला रोगाचं दुःख उरत नाही. 2018च्या सुमारास या दोन आडनावांनी महाराष्ट्राच्या जेवणाच्या टेबलाचे जे दोन भाग केले, ते आमच्याकडे अजून सांधलेले नाहीत. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला: कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा, अधेमधे काही नाही. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, थोडं थोडं पण वेळच्या वेळी, आणि आपल्या मातीतलं, आजीनं ओळखलं असतं असं. आमची ए विंग दीक्षित, बी विंग दिवेकर. सी विंगचं पार्किंगचं भांडण चालू असल्यानं ती तटस्थ आहे.

ए विंगच्या सेक्रेटरींचं जेवण पूर्वी बारा मिनिटांत होत असे. मर्यादा म्हणून मिळालेली 55 मिनिटं ते आता हक्काच्या रजेसारखी शेवटपर्यंत वापरतात. चोपन्नाव्या मिनिटाला आतून आवाज येतो, "ताक आण लवकर, गेट बंद होतंय!" बी विंगमधल्या त्यांच्या व्याह्यांच्या मोबाइलवर दर दोन तासांनी गजर होतो आणि त्या घरातली कढई गेली कित्येक वर्षं थंड झालेली नाही. दोघंही एकमेकांना 'अशास्त्रीय' म्हणतात. वाद मुळात दोन तज्ज्ञांचा नाहीच. दुपारी चार वाजता, चहाबरोबर, माणसानं काय करायचं, एवढाच तो वाद आहे.

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही दोघांपैकी कोणाचं पाळता?"

"अजून ठरवतोय."

"आणि ठरवत असताना काय खाता?"

मी विषय बदलला. जाताना त्यांनी एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगितली: गोळ्या चालू असताना जेवणाच्या वेळा बदलायच्या असतील तर आधी मला विचारा, मग इमारतीला.

ते असं का म्हणाले हे पुढच्याच महिन्यात सेंट्रल पार्कमध्ये दिसलं. तिथं मी रोज जातो. 2023च्या नोव्हेंबरात मेट्रो सुरू झाल्यापासून तर जाणं फारच सोयीचं झालं आहे. चालायला जायचं असलं की आम्ही मेट्रोनं जातो. बाहेर ज्यूसवाल्याकडे कारलं, दुधी, आवळा असे हिरवे ग्लास मांडलेले असतात. औषध जितकं कडू तितकं गुणकारी या श्रद्धेनं मी कारल्याचा ग्लास एका दमात रिकामा करतो. मग तोंडाची चव जावी म्हणून शेजारच्या इडलीवाल्याकडे एक मेदूवडा. कारल्याचं काम किती आणि वड्याचं किती, याचा हिशेब माझ्या वहीत अजून उघडाच आहे.

त्या दिवशी बाकावर एक गृहस्थ बसले होते. सकाळच्या गारव्यात त्यांचा शर्ट घामानं भिजला होता. हात थरथरत होते आणि नाव विचारलं तर ते भलतंच काही सांगत होते. बरोबरच्या मित्रानं सांगितलं, की त्यांनी स्वतःच्या मनानं नाश्ता बंद केला होता, गोळी मात्र चालू ठेवली होती. भोवती बाराजण जमले. एरवी बाराजणांत चोवीस सल्ले निघाले असते. पण पांढरे बूट घातलेले ते सात पॉइंट चारवाले गृहस्थ गर्दीतून पुढे आले. त्यांनी खिशातून हॉटेलात मिळतात तसल्या साखरेच्या पुड्या काढल्या, पाण्यात विरघळवल्या आणि बाकावरच्यांना घोट घोट पाजल्या. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. "साखर सत्तरच्या खाली गेली की हे असं होतं," ते हळूच मला म्हणाले. "तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं." पंधरा मिनिटांनी बाकावरच्या गृहस्थांनी स्वतःचं नाव बरोबर सांगितलं. सेक्टरही सांगितला.

साखर वाढते म्हणून साखर सोडायची, आणि उतरली तर म्हणून साखर खिशात ठेवायची. एवढा नाजूक व्यवहार मी बँकेतही पाहिला नव्हता. त्या दिवशी इडलीवाल्याकडे न थांबता मी घरी आलो.

मग मी जरा मनावर घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवण झाल्यावर सोफ्यावर न बसता दहा-पंधरा मिनिटं चाला. पायांचे स्नायू चालताना रक्तातली साखर ओढून घेतात. मी हे नवं संशोधन बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "शतपावली म्हणा ना सरळ. माझे आजोबा घालायचे." रात्री आम्ही दोघं खाली उतरू लागलो. खारघरात रात्री जेवून अख्खं कुटुंब फिरायला निघतं, फुटपाथ रुंद आहेत, टेकडीवरून वारा येतो. अडचण एवढीच, की इथल्या शतपावलीचं शंभरावं पाऊल नेमकं आइस्क्रीमच्या दुकानाच्या पायरीवर पडतं. बायकोनं नव्व्याण्णवला वळायची शिस्त घातली.

ताटाचीही उलथापालथ झाली. आधी काकडी-कोशिंबीर आणि पालेभाजी, मग उसळ नाहीतर आमटी, आणि भाकरी-भात सगळ्यात शेवटी. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून येणारी साखर रक्तात सावकाश चढते. ऐकायला सोपं आहे. पण ज्याच्या पानात साठ वर्षं पहिला वरणभात पडला, त्याला आधी काकडी वाढणं म्हणजे आरतीआधी मंत्रपुष्पांजली म्हणण्यासारखं आहे. हात आपोआप टाळ्या वाजवायला जातात.

मे महिन्यात डॉक्टरांनी अर्ध्या हापूसला परवानगी दिली. बाठा कोणत्या अर्ध्यात धरायचा, यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. पाऊस लागल्यावर टेकडीवरच्या पाड्यांतल्या बायका रस्त्याकडेला टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली घेऊन बसू लागल्या. त्यांच्यातल्या एका मावशींना मी विचारलं, "ही भाजी शुगरला चालते का?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "भाजी चालते, बाबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही चाला." आठ महिन्यांत मिळालेल्या सल्ल्यांत हा सर्वांत छोटा होता, आणि बरोबर हलवा न आलेला एकमेव.

याच सुमारास मला जाणवू लागलं, की हल्ली आपलं लवकर पोट भरतं. वाटीभर भात संपता संपता ढेकर येतो. मी हे कारल्याच्या खात्यावर जमा केलं आणि ट्रॅकवर चारचौघांना ज्यूसवाल्याची शिफारसही केली.

ऑगस्टात ऑडिट आलं. 6.8.

डॉक्टर खूश झाले. "काय काय केलंत?" त्यांनी विचारलं. मी तयारीतच होतो. चालणं, कारलं, मेथी, विजयसार, संक्रांतीची वही, सगळं क्रमानं मांडलं. डॉक्टर ऐकत माझं होते, पण बघत बायकोकडे होते. "गोळी आहे, चालणं आहे, ते खरंच," ते म्हणाले. "वहिनी, तुम्ही काय केलंत?"

"वाट्या बदलल्या," ती म्हणाली.

आणि तिनं हिशेब दिला. फेब्रुवारीत आठ पॉइंट तीन आलं त्या दिवशी तिनं शीग मोडली. मार्चमध्ये आहेरातली वाटी डाग पडलाय म्हणून मांडणीवरून उतरली आणि भाजीची पसरट वाटी आली. मे महिन्यात नातू आता ताटातच जेवतो म्हणून त्याची चांदीची वाटी माझ्या पानात आली; मला वाटलं, निवृत्त माणसाचा मान ठेवला. आणि आषाढात नैवेद्याची. "आधी भाजी, उसळ, ताक झालेलं असायचं," ती डॉक्टरांना म्हणाली. "भातापर्यंत यांचं लक्ष फोनमध्ये गेलेलं असायचं. एकदाही विचारलं नाही, कोणती वाटी."

सहा महिने माझ्यासमोर, माझ्याच ताटात, रोज दोनदा कपात होत होती आणि पस्तीस वर्षांच्या बँकरला तिचा पत्ता नव्हता.

घरी आल्यावर मी तडक देवघरात गेलो. देवाच्या पुढ्यात आमची आहेरातली वाटी होती. बुडाशी आमची नावं, वर शीग लावलेला वरणभात, त्यावर तुपाची धार आणि तुळशीचं पान.

"देवाला एवढं चालतं का?" मी विचारलं.

"त्याला शुगर नाही," ती म्हणाली.

त्या दुपारी मी देवासमोर नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ हात जोडून बसलो. डोळे मिटलेले होते, पण नाक उघडं होतं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आज एवढी भक्ती?"

"प्रसादाला थांबलोय," मी म्हणालो.

"प्रसाद नातवाला. तुम्हाला तीर्थ."